मेंढ्यांची टेकडी ते सम्राटाचा राजवाडा: पलाटियम या नावाचा प्रवास

ऱ्हाइनकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज लिहायला घेतला आहे. थोडं लांबेल.

मी गेली नऊ वर्षं जर्मनीत लुडविग्सहाफेनला राहते. या भागाला प्फाल्त्स म्हणतात. राज्याचं नावही ऱ्हाइनलांड-प्फाल्त्स. नवीन होते तेव्हा शाळेतून आलेल्या लेकीने विचारलं, "आई, प्फाल्त्स म्हणजे काय गं?" मी म्हटलं, असेल एखाद्या डोंगराचं नाव. उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं, फक्त तो डोंगर इथला नव्हता. तो रोममधला निघाला.

रोमच्या सात टेकड्यांपैकी मधली पलाटिन. लॅटिनमध्ये तिचं नाव पलाटियम. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास मीटर, म्हणजे आपल्या पर्वतीसमोर अगदीच ठेंगणी. रोम्युलसने रोम वसवलं ते इथे, अशी रोमन लोकांची श्रद्धा. आख्यायिका सोडली तरी टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या झोपड्यांच्या खुणा सापडल्या आहेत. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिथे गेलो होतो. तपकिरी दगडात खांब रोवायला कोरलेले खड्डे एका लंबगोलात दिसतात, आणि भोवती पाणी वाहून जायला चर. बस, एवढंच. एक झोपडी जेमतेम पाच मीटर लांब. लेकीने पावलं टाकून मोजली आणि म्हणाली, आपल्या हॉलपेक्षा लहान आहे.

मग या टेकडीला पलाटियम हे नाव कसं पडलं? रोमन लोकांनाच ते ठाऊक नव्हतं आणि त्यावर ते हौसेने वाद घालत. व्हॅरो नावाच्या विद्वानाने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चार-पाच मतं ओळीने मांडून ठेवली आहेत. कुणी म्हणे एव्हांडर राजाबरोबर ग्रीसमधून आलेल्या पालांतियन लोकांवरून. कुणी म्हणे रिआते भागातल्या पलाटियम गावाहून आलेल्यांनी आपल्या गावाचं नाव इथे लावलं (आपल्याकडे स्थलांतरित गावकरी करतात तसंच). कुणी लॅटिनस राजाच्या पलांटो नावाच्या बायकोला श्रेय देई. आणि नेव्हियस या कवीचं मत मला सगळ्यांत गोड वाटतं: मूळ शब्द 'बालाटियम', बालारे म्हणजे मेंढ्यांचं बें-बें करणं, त्यावरून. ज्या टेकडीवर मेंढ्या ओरडतात ती ही टेकडी.

आजचे भाषाशास्त्रज्ञ यातलं कुठलंच मत ठामपणे उचलत नाहीत. पण मेंढ्यांचा संबंध लोकांच्या मनात किती घट्ट होता बघा. पालेस ही मेंढपाळांची देवता. तिचा सण पारिलिया, २१ एप्रिलला. त्या दिवशी मेंढवाड्याला गंधकाची धुरी द्यायची, गवताची काडं पेटवून त्यावरून उड्या मारायच्या. आणि तोच दिवस रोम शहराचा जन्मदिवस मानला गेला. आजही मानतात.

आता खरी गोष्ट. प्रजासत्ताकाच्या काळात पलाटियम ही श्रीमंतांची वस्ती झाली. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचं घर इथलं. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस इसवी सनापूर्वी ६३ मध्ये याच टेकडीवर जन्मला, आणि पुढे त्याने हॉर्टेन्सियस या वक्त्याचं घर घेतलं तेही इथेच. ते घर साधंच होतं. त्याचा चरित्रकार सुएटोनियस लिहितो की ऑगस्टस चाळीस वर्षं उन्हाळा-हिवाळा एकाच खोलीत झोपत होता. पण त्याच्या दाराशी सिनेटने लॉरेलची झाडं लावली, दारावर ओकच्या पानांचा मुकुट लावला, आणि शेजारी त्याने अपोलोचं देऊळ बांधलं. रोम्युलसची म्हणून जपलेली कुडाची झोपडीही तिथेच जवळ. ती जळली किंवा मोडली की पुन्हा होती तशीच बांधत.

त्याच्यानंतर टायबेरियस, नीरो, डोमिशियन बांधतच गेले. इसवी सन ९२ च्या सुमारास डोमिशियनचा प्रचंड वाडा पुरा झाला आणि टेकडी वाड्याखाली झाकून गेली. लोक 'पलाटियमवर गेलो' म्हणत ते टेकडीवर गेलो या अर्थाने, आणि हळूहळू ते 'सम्राटाकडे गेलो' असं झालं.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कॅसियस डियो हा सिनेटर ग्रीकमध्ये रोमचा इतिहास लिहीत होता. तो काय म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगते. सम्राटाच्या निवासाला पलाटियम म्हणतात. तसा काही ठराव झाला नव्हता, पण सीझर (म्हणजे ऑगस्टस) पलाटिनवर राहायचा आणि रोम्युलसच्या आठवणीने त्या टेकडीला आधीच मान होता, म्हणून. आणि म्हणूनच सम्राट दुसरीकडे कुठे मुक्कामाला असला तर त्या मुक्कामाच्या जागेलाही पलाटियमच म्हणतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. नाव टेकडीचं होतं, ते माणसाला चिकटलं आणि माणूस जाईल तिकडे निघालं. पॅलेस, पॅले, पलाझो, पलासियो, पालास्ट ही सगळी त्या एका टेकडीची पोरं.

प्फाल्त्सचं काय ते खाली लिहिते, आधी चहा ठेवते.

ऱ्हाइनकाठ:

पुढे. मध्ययुगातल्या जर्मन राजांना एक राजधानी नव्हती. राजा लवाजम्यासह वर्षभर फिरायचा. आखेन, इंगेलहाइम, कायझर्सलाउटर्न अशा ठिकाणी त्याच्या मुक्कामासाठी वाडे आणि धान्याची कोठारं सज्ज असत. या प्रत्येक ठिकाणाला म्हणायचे प्फाल्त्स. डियोचा नियम जसाच्या तसा.

राजवाड्याचा कारभार बघणारा तो पलाटिन काउंट, जर्मनमध्ये प्फाल्त्सग्राफ. त्यांतला ऱ्हाइनवरचा बलाढ्य झाला. ११५६ मध्ये सम्राट बार्बारोसाने आपला सावत्र भाऊ कॉनराड याला ते पद दिलं, १२१४ मध्ये ते व्हिटेल्सबाख घराण्याकडे गेलं, १३५६ पासून सम्राट निवडणाऱ्या सात जणांत त्याची गणती झाली. वाडा सांभाळणाऱ्याच्या हुद्द्यावरून त्याच्या मुलखालाच प्फाल्त्स म्हणू लागले. टेकडी, मग वाडा, मग हुद्दा, मग प्रांत.

आणि गंमत पुढेच आहे. या प्फाल्त्सची राजधानी शतकानुशतकं हायडेलबर्ग, १७२० पासून मानहाइम. दोन्ही गावं नदीच्या पूर्वेला. नेपोलियनच्या धामधुमीत, १८०३ मध्ये, ती बाडेनकडे गेली. १८१६ मध्ये पश्चिमेचा काठ बव्हेरियाला मिळाला आणि १८३८ मध्ये त्याचं अधिकृत नाव प्फाल्त्स ठरलं. म्हणजे प्फाल्त्सग्राफ जिथे राहत, तो हायडेलबर्गचा पडका राजवाडा आज प्फाल्त्समध्ये नाही! मी रोज सकाळी ट्राममधून ऱ्हाइनचा पूल ओलांडून मानहाइमला कामाला जाते, आणि पुलाच्या मध्यावर प्फाल्त्स संपतं.

शेवटचं एक. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी, वय ८४, कधीच प्फाल्त्स म्हणत नाहीत. त्या म्हणतात 'पाल्त्स'. मला वाटायचं कवळीमुळे असेल. तसं नाही. जर्मन भाषेत तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी शब्दारंभीच्या प चा प्फ झाला, पण ती लाट इथल्या बोलीपर्यंत पोचलीच नाही. पाउंडला प्रमाण जर्मनमध्ये प्फुंड, आजींच्या तोंडी पुंड. म्हणजे त्या ज्या प ने सुरुवात करतात तो थेट लॅटिनचा प आहे. हातात खळग्या-खळग्यांचा तो अर्धा लिटरचा वाइनचा ग्लास (तेलकट बोटांतून निसटू नये म्हणून खळगे) आणि तोंडात दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चार. मला त्यांच्याकडे बघून भरून येतं.

मांडवीकिनारा:

ताई, फार सुंदर लिहिलंत. आमच्या पणजीत या शब्दाचं एक घर आहे, ते सांगायलाच हवं.

मांडवीच्या काठी, फेरीबोटीच्या धक्क्याजवळची ती पांढरी लांबलचक इमारत, तिला पोर्तुगीज 'पलासियु दु इदालकांव' म्हणायचे. इदालकांव म्हणजे आदिलखान, आदिलशहाचं पोर्तुगीज तोंडातलं रूप. आदिलशाहीचा नदीकाठचा किल्लेवजा वाडा पोर्तुगीजांनी घेतला. नवीन व्हाइसरॉय बोटीतून उतरला की जुन्या गोव्यात समारंभाने प्रवेश करण्याआधी इथे थांबत असे. मग जुनं गोवं रोगराईने ओस पडत गेलं आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉय कायमचा इथे राहायला आला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

तुमच्या डियोचं म्हणणं इथे डोळ्यांसमोर दिसतं. राजधानी आधी नाही हलली. आधी व्हाइसरॉयचं बिऱ्हाड हललं, शहर आणि कागदपत्रं मागाहून आली. १९१८ मध्ये गव्हर्नरचा मुक्काम दोना पावलाच्या टोकावर गेला, तर ते झालं 'पलासियु दु काबु', म्हणजे टोकावरचा पलासियु. आजचं राज्यपालांचं निवासस्थान तेच.

मुक्तीनंतर जुन्या वाड्यात सचिवालय आणि विधानसभा होती. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली. माझे वडील सचिवालयात कारकून होते. ते म्हणायचे, त्या लाकडी जिन्यावरून चढताना पावलांचा आवाज वेगळाच येतो, खाली जमीन नाही, इतिहास आहे असं वाटतं.

सुईदोरा:

मी शिवणकाम करते, भाषेतलं फार कळत नाही, पण धागा वाचून एकदम आठवलं. बायका माझ्याकडे 'पलाझो' शिवायला टाकतात ना, तो हाच का पलाझो? घेर मोठा ठेवा म्हणतात, कापड तीन मीटर तरी लागतं.

ऱ्हाइनकाठ:

सुईदोरा, हाच! इटालियनमध्ये पलाझो म्हणजे मोठा वाडा. १९६० च्या सुमारास रोममध्ये इरेने गालित्झिन या फॅशन डिझायनरने 'पलाझो पायजमा' काढला, वाड्यातल्या मेजवानीला घालण्याजोगा पायजमा या अर्थाने. आणि पायजमा तर फारसीतून आलेला आपलाच शब्द, पाय आणि जामा. म्हणजे तुमच्या मशीनखाली रोमची टेकडी आणि आपला पायजमा एकत्र शिवले जातात. हे तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं, मनापासून आभार.

टाळूवरचेलोणी:

एक शंका. आम्हाला शरीररचनेत पॅलटाइन बोन होतं, टाळूचं हाड. तालव्य वर्णांना इंग्रजीत पॅलटल म्हणतात. टेकडीचा आणि टाळूचा काही संबंध?

ऱ्हाइनकाठ:

लॅटिनमध्ये टाळूला पलाटुम म्हणतात, तो स्वतंत्र शब्द. त्याचं विशेषण आणि टेकडीचं विशेषण इंग्रजीत येता येता एकसारखं झालं. पण एन्नियस या जुन्या कवीने आभाळाला 'आकाशाची टाळू' म्हटलं होतं, असा उल्लेख सिसेरोकडे सापडतो. तोंडाचं छत आणि जगाचं छत. टेकडीशी नातं नसलं तरी कल्पना जपून ठेवण्यासारखी आहे.

नेकारकाठचा_पाहुणा:

मी हायडेलबर्गला शिकतो. ताईंच्या माहितीत एक भर घालतो, कारण इथल्या लोकांना 'तुम्ही प्फाल्त्समध्ये नाही' म्हटलेलं लागतं. हायडेलबर्ग-मानहाइमच्या भागाला अजूनही कुअरप्फाल्त्स म्हणतात, कुअर म्हणजे सम्राट निवडण्याचा अधिकार. सरकारी नकाशावर ते राज्य कुठेच नाही, पण वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात ते नाव आहे. बाडेनमध्ये जाऊन दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी लोकांनी ते सोडलेलं नाही.

शिवाय पूर्वेला झेक सीमेजवळ ओबरप्फाल्त्स आहे, रेगेन्सबुर्गचा भाग. १३२९ च्या वाटणीत व्हिटेल्सबाखांच्या एका शाखेला ऱ्हाइनचा मुलूख आणि हा मुलूख दोन्ही मिळाले. म्हणून शेकडो किलोमीटर लांब असूनही नाव तेच. आज तो बव्हेरियात आहे.

ऱ्हाइनकाठ:

बरोबर, कुअरप्फाल्त्स मी लिहायला हवं होतं. माझ्या ऑफिसमधले मानहाइमकर स्वतःला त्याच नावाने सांगतात. दुरुस्ती मान्य.

फिलीची_सई:

मी पेनसिल्व्हेनियात राहते. लँकेस्टरच्या बाजारात आमिश (जुन्या वळणाची साधी राहणी जपणारा ख्रिस्ती पंथ) बायका भाजी विकतात, त्या आपसांत जी भाषा बोलतात ती मी जर्मन समजत होते. माझ्या जर्मन मैत्रिणीला ती अर्धीच कळली. सफरचंदाला त्या 'आपल' म्हणतात, प्रमाण जर्मनमध्ये तिथे प्फ आहे. आत्ता ताईंच्या आजींचं वाचून उलगडलं, ही तर प्फाल्त्सचीच बोली की!

थोडं वाचलेलं सांगते. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने हायडेलबर्ग, मानहाइम, श्पायर जाळलं. पुढे १७०९ च्या भयानक थंडीनंतर तिथले हजारो लोक घरदार सोडून लंडनला आले, साधारण तेरा हजार. लंडनबाहेर त्यांच्यासाठी तंबू ठोकले होते. इंग्रज त्यांना 'गरीब पलाटिन' म्हणायचे. त्यांतले काही आयर्लंडला पाठवले, तीनेक हजार न्यूयॉर्कला. यांत अनेक जण प्फाल्त्सचे नव्हतेच, शेजारच्या मुलखांतले होते, पण नाव सगळ्यांना एकच पडलं.

सम्राटाच्या घराचा शब्द, आणि तोच बेघर माणसाचा शब्द झाला. हे वाचून मला झोप आली नाही काल.

ऱ्हाइनकाठ:

सई, हे मला माहीत नव्हतं. पलाटिन म्हणजे निर्वासित, हा अर्थ माझ्या यादीत नव्हता आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतोय.

बोरीबंदर:

शेजारच्या टेकडीचंही असंच झालं आहे. कॅपिटोलियम. तिथे ज्युपिटरचं मोठं देऊळ. जेफरसन यांनी वॉशिंग्टनच्या नकाशावर 'काँग्रेस हाउस' खोडून 'कॅपिटॉल' लिहिलं. आणि व्हीटीसमोर आमचं कॅपिटॉल सिनेमा. त्याच टेकडीवर जुनो मोनेटाचं देऊळ होतं, लगत नाणी पाडायचे, त्यावरून मनी आणि मिंट. मी कित्येक वर्षं कॅपिटॉलवरून चालत गेलो, नावाचा विचार कधी केला नाही.

शाईचा_डाग:

मराठीतही मुक्कामाला असं वजन होतं. पेशव्यांची पत्रं बघा, तारखेबरोबर मुक्काम लिहिलेला असतो. सरकार जिथे तिथून हुकूम. उर्दू हा शब्दही तुर्कीतला, मूळ अर्थ छावणी. बादशहाच्या दरबाराला उर्दू-ए-मुअल्ला म्हणत, आणि तिथल्या भाषेला पुढे नुसतं उर्दू. फिरत्या दरबाराची नावं स्थिर राहत नाहीत.

आणि 'वाडा' हा शब्द कुणी काढला कसा नाही अजून? संस्कृत वाट किंवा वाटक म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून वाडी, वाडा. कोकणात वाडी म्हणजे वस्ती, गोव्यात वाडो. आणि पुण्यात १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पायाभरणी झाली तो शनिवारवाडा. कुंपणापासून राजवाड्यापर्यंत.

कऱ्हापठार:

शाईचा डाग, तुमचं वाचून लिहायला बसलो. मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही, पण हे माझ्या घरचं आहे.

आम्ही पुरंदरचे. दिवाळीनंतर माण-खटावकडून धनगर मेंढरं घेऊन खाली यायचे. आमच्या रानात चार-पाच रात्री मेंढरं बसवायचे. लेंड्या-मुताचं खत रानाला मिळायचं, वडील त्याबदल्यात ज्वारी द्यायचे. तर त्यांच्या त्या मुक्कामाला वाडाच म्हणतात. "वाडा कुठं बसलाय?" असंच विचारायचं.

संध्याकाळी घोडी यायची आधी, तिच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या. मग खुंट्या ठोकून वाघर लावायची, म्हणजे जाळी. जाळीच्या आत मेंढरं, एका कोपऱ्यात कोकरं वेगळी. माणसं जाळीच्या बाहेर, उघड्यावर, तीन दगडांची चूल. मी सात-आठ वर्षांचा असेन. रात्रभर बें-बें ऐकू यायचं आमच्या ओसरीवर. पहाटे उठून बघावं तर वाडा उठलेला. नुसते खुंट्यांचे खड्डे राहायचे मातीत, गोलाकार.

तुम्ही दगडातल्या खड्ड्यांचं लिहिलंत ना ताई, तिथेच मी थांबलो. आणि तो कवी मेंढ्यांच्या ओरडण्यावरून नाव सांगतो म्हणालात. त्याची व्युत्पत्ती शास्त्राला पटो न पटो. आमच्या भाषेत मेंढरांच्या जाळीला आणि पेशव्याच्या सात मजली घराला एकच शब्द आहे. रोमची टेकडी मेंढरांची होती यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला नाही.

मांडवीकिनारा:

कऱ्हापठार, लिहीत राहा हो.

सुईदोरा:

माझ्या आईच्या माहेरी पण वाडा बसायचा. डोळ्यांत पाणी आलं.

ऱ्हाइनकाठ:

कऱ्हापठार दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री लेकीला वाचून दाखवला. मग खालच्या आजींना तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की आमच्याकडे मेंढरांच्या जाळीला आणि राजाच्या घराला एकच शब्द आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी पानगळीच्या दिवसांत मेंढपाळ कळप घेऊन जायचा आणि त्यांचे वडील त्याला रानात थांबवून घ्यायचे, खतासाठी. बदल्यात बटाटे.

पुढच्या एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी आहे, तेव्हा २१ तारखेला आम्ही रोममध्ये असू. त्या झोपडीच्या खड्ड्यांचा नीट फोटो काढून इथे टाकते. दादा, तुमच्या रानात यंदा वाडा बसला तर तो उठल्यावर तुम्हीही एक फोटो काढून ठेवा.

कऱ्हापठार:

दिवाळीनंतर टाकतो. आता मेंढरं ट्रकने येतात, पण आमच्या बांधावर अजून एक वाडा बसतो.